गाभण मादीचं कॉर्टिसॉल वाढतं, तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं?

कॉर्टिसॉल बनवणाऱ्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या, तर कुत्रं उपचारांशिवाय फार दिवस जगत नाही. अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब उतरतो, साखर घसरते आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत रोगॉफ आणि स्ट्युअर्ट हे दोन संशोधक या ग्रंथींवर प्रयोग करत होते. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या कुत्र्या गाभण होत्या, त्या इतरांपेक्षा बऱ्याच जास्त दिवस तग धरत होत्या.

पहिला तर्क साहजिकच असा होता, की पोटातल्या पिल्लांच्या ग्रंथी आईची गरज भागवत असतील. पण पुढच्या दशकात असं दिसलं, की नुकत्याच माजावर येऊन गेलेल्या, पण गाभण नसलेल्या कुत्र्याही जास्त जगतात. खोटी गर्भधारणा झालेल्या फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या माद्यांमध्येही तेच आढळलं. पोटात पिल्लूच नाही, मग पुरवठा करतंय कोण? माग काढत गेल्यावर बोट टेकलं ते अंडाशयातल्या पीतपिंडावर, म्हणजे बीजांड बाहेर पडल्यावर तिथे तयार होणाऱ्या गाठीवर, आणि त्यातून पाझरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. ॲड्रिनल नसलेल्या फेरेटला बाहेरून भरपूर प्रोजेस्टेरॉन दिलं, तरी ती जगत होती.

असे प्रयोग आज कुणी करू धजणार नाही आणि तेच योग्य आहे. पण त्यातून जे कळलं ते मोलाचं आहे. गर्भारपणात ॲड्रिनल संप्रेरकांचा हिशेब एकट्या ॲड्रिनलचा राहत नाही. अंडाशय, वार, गर्भ आणि गर्भाच्या स्वतःच्या इवल्याशा ॲड्रिनल ग्रंथी असे सगळेच त्यात येतात. म्हणूनच ‘कॉर्टिसॉल वाढलं म्हणजे ताण वाढला’ हे सरधोपट समीकरण गाभण मादीला लावणं मला धोक्याचं वाटतं. आकडा कुणाचा, कुठल्या प्राण्याचा आणि गर्भारपणाच्या कितव्या दिवसाचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

आधी नेहमीची व्यवस्था

मूत्रपिंडांच्या माथ्याजवळ बसलेल्या या दोन ग्रंथी. बाहेरचं कवच वेगळं, आतला गाभा वेगळा. गाभ्यातून ॲड्रिनलिन येतं. घाबरल्यावर छाती धडधडते ती त्याच्यामुळे. आपला विषय मुख्यतः कवचाचा आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या थरात ॲल्डोस्टेरॉन बनतं, जे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. त्याखालच्या जाड थरात कॉर्टिसॉल बनतं. ते यकृताला साखर तयार करायला लावतं, स्नायू आणि चरबीतून कच्चा माल मोकळा करतं, दाह आवरतं. माणूस, गाय, मेंढी, कुत्रा, गिनीपिग यांच्यात कॉर्टिसॉलच मुख्य. प्रयोगशाळेतले रॅट आणि माऊस, म्हणजे मोठे आणि छोटे उंदीर, यांच्या ॲड्रिनलमध्ये मात्र त्यासाठी लागणारं सीवायपी१७ हे एन्झाइम नसतं. त्यांचं काम कॉर्टिकोस्टेरॉनवर चालतं.

ही सगळी स्टेरॉइड संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात. कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन, त्यापासून प्रोजेस्टेरॉन, आणि या दोघांपासून पुढे कॉर्टिसॉलकडे, ॲल्डोस्टेरॉनकडे वाटा फुटतात. प्रोजेस्टेरॉन या रस्त्याच्या मध्यावरच उभं आहे, आणि गर्भारपणात तर त्याचा पूरच येतो. स्त्रियांमध्ये असं दिसतं, की या प्रोजेस्टेरॉनपैकी काही भाग ॲड्रिनलच्या बाहेरच, इतर अवयवांमध्ये, डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉनमध्ये बदलतो. हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक आहे.

वरून हुकूम देणारी साखळीही लक्षात ठेवू. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते, आणि एसीटीएच रक्तातून ॲड्रिनलपर्यंत पोचलं की कॉर्टिसॉल बनू लागतं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला आणि पीयूषिकेला थांबायला सांगतं. एरवी हा समतोल घट्ट असतो. गर्भारपण त्याला जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हात लावतं.

वाढलेला आकडा आणि त्यामागचं सत्य

स्त्रियांच्या रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं. गाभण गिनीपिगमध्ये ते कितीतरी पटींनी चढतं. एखाद्या रुग्णात असा आकडा दिसला तर डॉक्टर ग्रंथीचा आजार शोधू लागतील. इथे मात्र वाढीचा मोठा वाटा एका प्रथिनाचा असतो. यकृतात तयार होणारं सीबीजी नावाचं प्रथिन रक्तात कॉर्टिसॉलला चिकटून फिरतं. इस्ट्रोजेन वाढलं की स्त्रीचं यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. चिकटलेलं कॉर्टिसॉल हे मुदत ठेवीतल्या पैशासारखं असतं: खात्यात दिसतं, पण त्या घडीला खर्च करता येत नाही. पेशींवर परिणाम करतं ते मोकळं कॉर्टिसॉल.

मग वाढ नुसती कागदोपत्रीच का? तर नाही. स्त्रियांमध्ये मोकळं कॉर्टिसॉलही चढतं. मेंढीत तर गाभणपणात सीबीजी फारसं बदलत नाही, तरी कॉर्टिसॉल माफक का होईना वाढतंच. म्हणजे साखळीने स्वतःची पातळीच वर सरकवून घेतलेली असते. यात प्रोजेस्टेरॉनचाही हात आहे. कॉर्टिसॉल पेशींमधल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर, बसून मेंदूला ‘पुरे’ म्हणतं, त्याच ग्राहींवर प्रोजेस्टेरॉन जागा अडवतं. ‘पुरे’चा निरोप मंद पोचतो आणि एसीटीएच थोडं जास्त काळ, थोडं जास्त सुटत राहतं.

ही वाढ गरजेची आहे का, याचं उत्तर फ्लोरिडातल्या प्रयोगांतून मिळालं, आणि ते मला या विषयातलं सर्वांत बोलकं काम वाटतं. गाभण मेंढ्यांच्या ॲड्रिनल काढून त्यांना बाहेरून संप्रेरकं दिली. काहींना गाभण मेंढीला साजेल इतकं कॉर्टिसॉल दिलं, तर काहींना गाभण नसलेल्या मेंढीइतकंच. दुसऱ्या गटाला रोजच्या जगण्यापुरतं कॉर्टिसॉल मिळत होतं, त्या आजारी नव्हत्या. पण गाभणपणात रक्तातला द्रवभाग जसा वाढायला हवा तसा त्यांच्यात वाढला नाही आणि पोटातल्या कोकरालाही त्याची झळ लागली. उलट ज्या मेंढ्यांना मुद्दाम जास्त कॉर्टिसॉल दिलं, त्यांच्याही कोकरांची वाढ मागे पडली. म्हणजे गर्भारपणाला स्वतःची एक योग्य पातळी लागते. ती एरवीपेक्षा वरची असते, पण तिच्याही वर गेलं तर नुकसान होतं.

ॲल्डोस्टेरॉनची गोष्टही याच अंगाने जाते. गर्भाशयाकडे आणि वारेकडे वाहणारं रक्त कुठून तरी आणायचं, म्हणून रक्ताचं एकूण आकारमान वाढवावं लागतं. स्त्रियांमध्ये ही वाढ ४० ते ५० टक्क्यांच्या घरात असते. त्यासाठी मूत्रपिंडाने मीठ आणि पाणी धरून ठेवलं पाहिजे. अडचण अशी, की ॲल्डोस्टेरॉनच्या ग्राहींवरही प्रोजेस्टेरॉन ठाण मांडतं आणि मीठ बाहेर जाऊ देतं. मग मूत्रपिंडातून रेनिन जास्त सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन बनतं आणि ॲड्रिनलचा वरचा थर नेहमीच्या कित्येक पट ॲल्डोस्टेरॉन तयार करू लागतो. एरवी एवढ्या ॲल्डोस्टेरॉनने रक्तदाब चढला असता. निरोगी गर्भारपणात तो चढत नाही, उलट मधल्या काळात थोडा उतरतो.

घाबरण्याची साखळी शांत होते

आता उलट वाटणारी बाजू. कॉर्टिसॉलची रोजची पातळी वर सरकते, पण अचानक ताण आल्यावर साखळी जी उसळी मारते, ती मात्र दबते. हे सर्वांत नीट उलगडलं गेलं ते रॅटमध्ये. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथे जॉन रसेल, पॉला ब्रंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. रॅटचं गर्भारपण २१-२२ दिवसांचं. शेवटच्या आठवड्यात तिला ताण दिला, किंवा जंतुसंसर्ग झाल्यासारखा इशारा देणारं रसायन टोचलं, तर एसीटीएच आणि कॉर्टिकोस्टेरॉन एरवीच्या मानाने फारच कमी उसळतं.

कसं? यकृत आणि मेंदूत प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो. त्याच्या प्रभावाखाली मेंदूच्या देठात शरीराची स्वतःची अफूसदृश रसायनं वाढतात. धोक्याची खबर हायपोथॅलॅमसपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंना ही रसायनं अगदी टोकाशीच आवरतात. खबर निघते, पण पोचत नाही. याचा पुरावाही सुबक आहे. अफूसदृश रसायनांना अडवणारं नॅलॉक्सोन दिलं, की गाभण रॅटची दबलेली उसळी पुन्हा दिसू लागते. ॲलोप्रेग्नॅनोलोन बनूच दिलं नाही, तरी तेच होतं.

पिल्लं अंगावर पीत असतात तोवर रॅटची ही शांतता टिकते. आईपण सुरू होण्याआधीच मेंदू त्याची तयारी करून ठेवतो, हे वाचताना मला आजही थक्क व्हायला होतं.

वार: आई आणि गर्भ यांच्यामधली रसायनशाळा

आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल गर्भापेक्षा बरंच जास्त असतं. ते स्टेरॉइड आहे, चरबीत सहज विरघळतं, पेशींच्या पडद्यांतून आरपार जातं. मग गर्भाला पूर का येत नाही? कारण वारेत ११-बीटा-एचएसडी२ हे एन्झाइम ठासून भरलेलं असतं. वारेतून जाणाऱ्या कॉर्टिसॉलचं ते कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन तिथल्या ग्राहींवर निष्क्रिय असतं. थोडं कॉर्टिसॉल निसटतंच, पण बहुतेक वाटेतच निकामी होतं.

या एन्झाइमला रोखणारा एक पदार्थ ज्येष्ठमधात असतो, ग्लिसिऱ्हायझिन. त्याच कुळातलं कार्बेनोक्सोलोन हे औषध गाभण रॅटना दिलं, तेव्हा पिल्लं कमी वजनाची जन्मली आणि मोठेपणी त्यांचा रक्तदाब जास्त भरला. आईच्या ॲड्रिनलला हातही न लावता, केवळ वारेतलं एक एन्झाइम दडपून, पिल्लाच्या पुढच्या आयुष्याची घडी बदलली.

औषधं देताना हे ठाऊक असावं लागतं. प्रेडनिसोलोनला वारेतलं हे एन्झाइम बऱ्याच अंशी निष्प्रभ करतं, त्यामुळे आईच्या आजारासाठी ते दिलं तर गर्भापर्यंत थोडंच पोचतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांच्यावर त्या एन्झाइमचा फारसा जोर चालत नाही. ती थेट गर्भात उतरतात. कधी नेमकं तेच हवं असतं, कधी तेच टाळायचं असतं.

बबून माकडांवर पेपे आणि आल्ब्रेक्ट या जोडीने केलेल्या अभ्यासात आणखी एक पदर उलगडला. गर्भारपणाच्या मध्यावर बबूनची वार आईचं कॉर्टिसॉल गर्भाकडे बऱ्यापैकी जाऊ देते. त्या कॉर्टिसॉलमुळे गर्भाची पीयूषिका गप्प राहते. पुढे इस्ट्रोजेन वाढतं, वारेतली एन्झाइमं बदलतात आणि आईचं कॉर्टिसॉल जास्त प्रमाणात कॉर्टिसोन होऊ लागतं. आईचा दाब सुटल्यावर गर्भाची पीयूषिका स्वतः एसीटीएच बनवू लागते आणि त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी परिपक्व होतात. आईचा पुरवठा तोडल्यामुळेच पिल्लाचा कारखाना सुरू होतो.

जन्म कधी घ्यायचा, हे कोकरू ठरवतं

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काही मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं होत होती. डोंगराळ कुरणांत उगवणारी व्हेरॅट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती त्याला कारण होती. मेंढीने गाभणपणाच्या १४व्या दिवसाच्या सुमारास ती खाल्ली, की गर्भाच्या डोक्याची घडणच बिघडायची; त्यातल्या दोषी रसायनाला पुढे सायक्लोपामिन हे नाव मिळालं. या प्रकरणातली दुसरी गोष्ट तितकी गाजली नाही, पण आपल्यासाठी तीच महत्त्वाची आहे. अशा काही मेंढ्या वेळ उलटून गेली तरी व्यायच्याच नाहीत. मेंढीचे दिवस साधारण १४७. इथे कोकरू आत वाढतच राहायचं, वाढतच राहायचं. मेंदूच्या बिघाडात त्याची पीयूषिकाही गेलेली असायची. गर्न्सी जातीच्या गाईंमध्येही एक आनुवंशिक दोष आढळला होता, ज्यात वासराची पीयूषिका नीट बनत नाही आणि गाय दिवस भरले तरी वीत नाही.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात हा धागा पकडला. त्यांनी पोटातल्या कोकराची पीयूषिका नष्ट केली, मेंढी विईना. मग उलट केलं: कोकराला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉल दिलं, मेंढी वेळेआधीच व्यायली. म्हणजे निदान मेंढीत तरी प्रसूतीचा हुकूम आईकडून सुटत नाही. तो कोकराच्या मेंदूतून, पीयूषिकेतून आणि ॲड्रिनलमधून सुटतो.

पुढची पायरी वारेत घडते. गाभणपण निम्म्याकडे सरकलं की मेंढीत प्रोजेस्टेरॉनचा मुख्य पुरवठा वारेतूनच होतो आणि त्याच्या जोरावर गर्भाशय शांत राहतं. कोकराचं कॉर्टिसॉल वाढलं की वारेत सीवायपी१७ जागं होतं. तेच एन्झाइम, जे रॅटच्या ॲड्रिनलमध्ये नसतं. त्यामुळे कच्चा माल इस्ट्रोजेनकडे वळतो. प्रोजेस्टेरॉन घसरतं, इस्ट्रोजेन चढतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि गर्भाशय आकुंचन पावू लागतं. शेळीचा मार्ग थोडा वेगळा आहे. तिचं गाभणपण अखेरपर्यंत पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉनवर टिकतं, म्हणून तिच्यात प्रोस्टाग्लँडिनने पीतपिंड विरघळवावा लागतो.

कोकराचं कॉर्टिसॉल फक्त दार उघडायला सांगत नाही, ते बाहेरच्या जगाची तयारीही करून घेतं. फुप्फुसांत सरफॅक्टंट तयार होतं, ज्यामुळे हवेच्या पिशव्या श्वास सोडताना चिकटून बसत नाहीत. यकृतात ग्लायकोजेनचा साठा होतो, आतड्यांतली पाचक एन्झाइमं वाढतात, थायरॉइड संप्रेरक सक्रिय रूपात येतं. हुकूम आणि तयारी दोन्ही एकाच संप्रेरकाकडे असल्यामुळे सहसा तयारी झाल्याशिवाय जन्म होत नाही.

लिगिन्सना हे एका कोकरामुळे उमगलं. स्टेरॉइड देऊन फार लवकर जन्माला घातलेलं हे कोकरू हिशेबाने श्वासही घेऊ शकायला नको होतं, पण त्याच्या फुप्फुसांत काही प्रमाणात हवा भरलेली सापडली. त्यावरून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या स्त्रियांना बीटामेथासोन देऊन पाहिलं. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधला श्वसनाचा त्रास आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. आज जगभरात हा उपचार दिला जातो. मेंढीच्या ॲड्रिनलचा अभ्यास माणसाच्या इतक्या बाळांना जगवेल असं त्या वेळी क्वचितच कुणाला वाटलं असेल.

गाईंच्या बाबतीत हेच ज्ञान पशुवैद्य दोन्ही अंगांनी वापरतात. दिवस भरत आलेल्या गाईला डेक्सामेथासोन दिलं, तर ती साधारण दोन-तीन दिवसांत विते, पण अशा वेळी वार न पडण्याचं प्रमाण जास्त असतं. त्याच कारणाने, गाभणपणाच्या उत्तरार्धात दुसऱ्याच एखाद्या आजारासाठी हे औषध दिलं तर गाय गाभडू शकते. जनावर गाभण आहे हे पशुवैद्याला आधी सांगणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

प्रत्येक प्राण्याची तऱ्हा वेगळी

मेंढीचं गणित घोडीला लावू गेलात तर फसाल. कोकराचं कॉर्टिसॉल जन्माआधी १०-१५ दिवस चढू लागतं. शिंगराचं चढतं ते अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत. त्यामुळे शिंगरू थोडंसं जरी लवकर जन्मलं, तरी त्याची तयारी अर्धवट राहण्याची भीती असते. शिवाय शिंगराच्या ॲड्रिनल तोवर वारेला प्रेग्नेनोलोन पुरवत असतात, ज्यापासून वार प्रोजेस्टेरॉनच्या कुळातले पदार्थ बनवते. ॲड्रिनल कॉर्टिसॉलकडे वळल्या की हा पुरवठा आटतो आणि घोडी विते.

माणसाच्या गर्भाची ॲड्रिनल शरीराच्या मानाने प्रचंड असते. तिचा बराच भाग ‘गर्भथर’ म्हणून ओळखला जातो आणि जन्मानंतर तो विरून जातो. हा थर मुख्यतः डीएचईए-सल्फेट बनवतो. माणसाच्या वारेत सीवायपी१७ची उणीव असते, म्हणून ती एकटीने इस्ट्रोजेन बनवू शकत नाही. गर्भाच्या ॲड्रिनलकडून आलेला हा माल घेऊनच बनवते. गर्भ आणि वार मिळून एकच कारखाना चालवतात, ही कल्पना स्टॉकहोममध्ये काम करणाऱ्या एगॉन डिक्फालुसी यांनी मांडली. मेंदूची वाढच न झालेल्या गर्भात ॲड्रिनल खुरटलेली असते आणि त्या आईच्या अंगात एस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन फार कमी सापडतं.

माणूस आणि माकडांच्या कुळात आणखी एक गोष्ट घडते, जी मेंढीत किंवा रॅटमध्ये घडत नाही: वार स्वतःच सीआरएच बनवते. मेंदूत कॉर्टिसॉल वाढलं की सीआरएच कमी होतं. वारेत बरोबर उलट. कॉर्टिसॉल वाढलं की सीआरएच आणखी वाढतं. स्त्रिया आणि मोठ्या वानरांमध्ये ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत झपाट्याने चढत जातं, बबूनमध्ये मात्र त्याचा जोर आधीच्या टप्प्यात असतो. रॅटवरचे निष्कर्ष जसेच्या तसे स्त्रियांना लावू नयेत, यामागचं एक ठोस कारण हेच आहे.

माऊसची एक गंमतही सांगायला हवी. तिच्या ॲड्रिनलच्या सर्वांत आतल्या बाजूला ‘एक्स-झोन’ नावाचा थर असतो. नरात तो वयात येताना नाहीसा होतो. मादीत तो टिकून राहतो आणि पहिल्या गर्भारपणात विरून जातो. म्हणजे नुसतं संप्रेरकाचं प्रमाण नव्हे, ग्रंथीची रचनाच गर्भारपणात बदलते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा काप पाहिला तर ते डोळ्यांना दिसतं. तामर वॉलबी हा छोटा कांगारू तर याहून अजब. त्याचं नवजात पिल्लू जेमतेम ०.४ ग्रॅमचं असतं, पण जन्माच्या सुमारास त्याच्याही ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवतात आणि जन्माची वेळ ठरण्यात त्यांचा वाटा असतो.

रानातल्या आया

प्रयोगशाळेबाहेर हे सगळं कसं दिसतं? कॅनडाच्या युकॉन भागातल्या स्नोशू सशांची संख्या साधारण दर दहा वर्षांनी फुगते आणि कोसळते. कोसळण्याच्या वर्षांत लिंक्ससारखे शिकारी भरपूर असतात. शेरिफ, क्रेब्स आणि बूनस्ट्रा यांनी कोंडवाड्यातल्या गाभण सशांसमोर अधूनमधून एक प्रशिक्षित कुत्रा थोडा वेळ आणला. चावा नाही, फक्त दर्शन. त्या माद्यांच्या लेंड्यांमध्ये कॉर्टिसॉलचे अवशेष वाढले, पिल्लं कमी झाली आणि झाली ती लहान झाली. वारेचं संरक्षण असूनही सततच्या भीतीची झळ आत पोचली होती.

पण आईचं वाढलेलं कॉर्टिसॉल पिल्लाला नेहमी मारकच ठरतं असं नाही. युकॉनमधल्याच लाल खारींवर डँट्झर आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. शेजारी खारी खूप झाल्या की पिल्लांना हद्द मिळवणं अवघड जातं. झपाट्याने वाढणारं पिल्लूच टिकतं. संशोधकांनी जंगलात खारींच्या हद्द राखण्याच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण वाजवलं. गर्दी वाढल्याचा भास झालेल्या माद्यांचं कॉर्टिसॉल वाढलं आणि त्यांची पिल्लं जास्त वेगाने वाढली, तेही खाणं न वाढवता. काही गाभण खारींना पीनट बटरमधून थेट कॉर्टिसॉल दिलं, तेव्हाही पिल्लांची वाढ वेगाने झाली. सशाच्या आईचं आणि खारीच्या आईचं संप्रेरक एकच, पण त्यातून निघालेलं फळ वेगळं.

रानातल्या प्राण्याचं रक्त काढायचं तर त्याला पकडावं लागतं, आणि पकडण्यानेच कॉर्टिसॉल चढतं. म्हणून विष्ठा गोळा करतात. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेल या अतिसंकटग्रस्त देवमाशांचा अभ्यास असाच होतो. पाण्यावर तरंगणारी विष्ठा शोधायला वासावर तरबेज केलेली कुत्री होडीतून नेतात. त्या नमुन्यांत गाभण माद्यांचे कॉर्टिसॉलवर्गीय आकडे फार वरचे निघाले. जहाजांच्या आवाजाचा किंवा दोरखंडात अडकल्याचा ताण मोजायला निघालेल्या संशोधकाने ते आकडे तसेच धरले असते, तर पोटात पिल्लू वाढवणारी धडधाकट मादी सर्वांत त्रासलेली ठरली असती. म्हणून त्याच नमुन्यात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनचे अवशेषही मोजतात. मादी गाभण आहे की नाही ते आधी ठरतं, आणि मग तिच्या कॉर्टिसॉलची तुलना दुसऱ्या गाभण मादीशीच केली जाते.